डिड आलं की

वसमतला मोंढ्यामागं, हळदीच्या गोदामावरच्या खोलीत
सात ते आठ इंग्रजीचा क्लास.
जिन्यापासूनच नाक पिवळं होतं.
सरांनी डस्टर आपटलं तरी वाटतं
हळदच पडायली.

नूरुद्दीन सरांना दम लागतो,
म्हणून वाक्यं छोटी सांगतात.
"डिड आलं की पुढच्यानं भूतकाळ उतरवून ठेवायचा.
डिड नॉट वेन्ट नाही. डिड नॉट गो.
एकानं ओझं उचललंय ना,
मग दुसऱ्यानं कशाला हमाली करायची?"
खाली खरेखुरे हमाल थप्पी लावायलेले.
आम्ही हसतो.

आम्ही म्हणजे बारावीची सात पोरं,
दुबईची स्वप्नं बघणारा वेल्डर मुनीर,
आणि मी, कोर्टासमोरची झेरॉक्सवाली,
एक्केचाळीस वर्षांची.

वेन्टचं मला नवल वाटलं.
गेला, गेली, गेलं, गेले, सगळ्यांना एकच वेन्ट.
आपल्यात बाई गेली का बाप्या
हे विचारल्याबिगर क्रियापद जागचं हलत नाही.
आणि त्या आयएनजीचं केवढं कौतुक!
सातवीत मी लिहिलं होतं,
आई भाकरी करायली, मी बघायले,
तर पुण्याहून आलेल्या बाईंनी
दोन्हीला लाल गोल केला होता.
इथं त्याच चालू कामाचा
अख्खा एक धडा.

मग आला रिमेंबर.
सर म्हणाले, भूतकाळाच्या मागं काय जोडता
त्याच्यावर सगळा खेळ.
रिमेंबर्ड टु गिव्ह: द्यायचं लक्षात राहिलं.
रिमेंबर्ड गिव्हिंग: दिलेलं आठवलं.
टु पुढं बघतो, आयएनजी मागं वळून.
मुनीर म्हणाला, सर, अदलाबदल झाली तर?
"काय व्हायचंय," सर खोकले,
"उगाच खोटं बोलल्यासारखं होतं."

माझं पेन तिथंच राहिलं.

सत्यभामाचा अंगणवाडीचा फॉर्म.
अकरा वर्षं झाली. तिला ताप, तारीख शेवटची,
हिंगोलीला चाललीसच तर टाक म्हणाली.
यादीत नाव आलं नाही तेव्हा
मी म्हणाले, दिल्यासारखं वाटतंय गं,
नेमकं आठवत नाही.
हेच तिच्या नवऱ्यापुढं म्हणाले,
सासूपुढं म्हणाले,
पुढं पुढं तर मलाही पटायला लागलं.
पाकीट शिलाई मशीनच्या खणात होतं,
बॉबिनांच्या खाली, चौथ्या दिवशी सापडलं.
चुलीत घातलं.
त्याआधी वरचा तिचा फोटो तेवढा सोडवून घेतला.
का, ते अजून कळलेलं नाही.

सरांनी प्रत्येकाला एक वाक्य करायला लावलं.
मुनीरनं बकरी विकली.
एका पोरानं पेन हरवला.
मी लिहिलं,
आय डिड नॉट रिमेंबर टु गिव्ह.
सरांनी वही जवळ धरली, बरोबरची खूण केली.
"आयएनजी नाही लावलं, शाब्बास. कुठून सुचलं?"
असंच सर, म्हणाले.

खाली उतरताना ते गिव्ह डोळ्यापुढून जाईना.
सगळा भूतकाळ डिडनं उचलून नेलेला,
आणि हे असं कोरं, घडी न मोडलेलं,
जसं की अजून द्यायचंच आहे.

माझ्या समोरचं दुकान तिचं.
दोन मशीनं, मधे रस्ता,
पक्षकार इकडून तिकडं, आम्ही नाही.
ती शटर ओढायली होती.
मी थांबले.
बोलायची थांबले होते अकरा वर्षं,
आज बोलायला थांबले.
आपल्यातही एवढ्याशा अक्षराचाच फरक,
त्याची शिकवणी कुणी लावत नाही.

तिनं मान वर केली नाही.
"टोनर संपलंय. उद्या या."
या म्हणाली. ये नाही.

पर्समध्ये फोटो होता, एक कोपरा उडालेला.
मी म्हणाले, झेरॉक्स नको.